निळी झाक

सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचे द्रावण निर्दोष असेल, तर ते माणकासारखे लाल दिसते. कण एकमेकांना चिकटले की त्याला निळी झाक येते आणि मग ते शिरेत देता येत नाही. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ही तपासणी माझ्याकडे होती.

आज हे द्रावण माझ्याच बायकोला द्यायचे होते.

“जन्मभर एक बांगडी केली नाहीत, आणि आता सोनं थेट शिरेत घालताय होय!”

“गाठीत जाऊन बसू दे. मग प्रकाश टाकला की ते तापेल आणि गाठ जाळेल,” मी म्हणालो.

शेजारच्या खोलीत जाऊन मी कुपी पांढऱ्या कागदासमोर धरली. कडेला निळी झाक होती. कुपी फिरवून पुन्हा पाहिली. झाक तशीच होती.

“काका, नवीन मात्रा तयार व्हायला महिना लागेल,” माझ्यामागून आलेल्या डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. “काकूंकडे तेवढा वेळ नाही.”

“या गुठळ्या फुप्फुसात अडकतील,” मी म्हणालो आणि कुपीवर ‘बाद’ अशी चिठ्ठी लावली.

मी परतलो तेव्हा तिने बाही वर करून हात पुढे ठेवला होता.

“अहो, आणलंत का?”

मी तिची बाही हलकेच खाली ओढली आणि मनगटाचे बटण लावून दिले.