पोळ्याच्या दिवशी जुंपलेली घोडी

मित्रांनो, माझा मालक चैतू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला आहे की घोडी आपल्या आपण पडली. खोटं बोलतो. मी ब्रह्मपुरीच्या स्टेशनावरची जुनी टांग्याची घोडी आहे. छोट्या लाईनीच्या गाडीतून उतरलेली अर्ध्या तालुक्याची माणसं मी त्यांच्या दारापर्यंत नेली, आणि आपल्या आपण एकदाही पडले नाही. मला पाडलं.

पुढचा गुडघा सुजून टरारला आहे. तीन पायांवर उभी आहे मी. चैतू शेजारून दोर आणायला गेला आहे. तो आला की मला लंगडत लंगडत नेऊन नागभीडच्या रस्त्याला जंगलात सोडणार आहे, आणि तिथं वाघ आहे हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. तो येईपर्यंत माझं सांगणं ऐकून घ्या. मी शाळेत गेले नाही, पण शाळेतल्या मास्तरणी रोज माझ्याच टांग्यात बसून गेल्या, तेव्हा अगदीच अडाणी समजू नका.

मला घडवलं रामाजीनं, चैतूच्या बापानं. मी शिंगरू होते तेव्हा त्यानं मला एकदम टांग्याला जुंपलं नाही. आधी मागे सागाचा ओंडका बांधला आणि धान कापलेल्या शेताच्या बांध्यांमधून फिरवलं. मागून खडखड येते, तिला भ्यायचं नसतं, हे मी तिथं शिकले. मग रिकामा टांगा, मग त्यात रुखमा, त्याची बायको. ती हसत म्हणायची, "पयलं वझं मीच काय?"

टांग्याला चाकं दोनच, मित्रांनो. मागे वजन जास्त झालं की दांड्या वर उचलतात आणि पोटाखालचा तंग माझा श्वास आवळतो. त्याला उलाळ म्हणतात. पुढे जास्त झालं तर सगळं ओझं माझ्या पाठीवर आदळतं. म्हणून कोण कुठे बसणार ते टांगेवाल्यानं ठरवायचं असतं. रामाजी माणसं बसवून झाली की खाली उतरायचा, दांड्या बघायचा, तंगाखाली बोटं घालायचा आणि मगच लगाम उचलायचा. एकदा एक जाडजूड शेठ मागेच ठाण मांडून बसले.

"शेठ, समोर या."

"काऊन? मागं हवा लागते."

"तुमाले हवा लागते, पन माह्या बाईले फाशी लागते."

बाई म्हणजे मी. रुखमा टोमणा मारायची, "मले नाई म्हटलं कधी बाई." माझ्या कपाळावर पितळेची चकती होती, गळ्यात घुंगरं होती. चढ आला की रामाजी मागच्यांना उतरवायचा आणि माझ्या तोंडाशी धरून पायी चालायचा. उतारू कुरकुरायचे. त्याला फरक पडत नव्हता.

आमच्या झाडीपट्टीत पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळतात आणि त्यांना आवतन देतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. रामाजीकडे बैल नव्हते. तो माझेच खांदे चोळायचा आणि आवतनही मलाच द्यायचा. लोक खिदळायचे.

"रामाजी, घोडीले शिंगं केव्हा आले गा?"

"येतीन. तुले आले तसे."

मग जीपा आल्या. मागे लोंबकळणारी, टपावर बसलेली माणसं घेऊन धुरळा उडवत जायच्या. स्टॅण्डवरचे टांगे एकेक करून मोडीत गेले. त्याच दिवसांत रामाजी खोकून खोकून गेला आणि लगाम चैतूच्या हातात आला. त्याला चाबूक उडवता येतो, तोंडानं टकटक करता येते. पण टांगा जीपेसारखा भरायचा, एवढंच त्याच्या डोक्यात. मागे तीन माणसांच्या जागी पाच कोंबायचा. तंगानं माझं पोट सोलून निघालं. रुखमा तिथे हळद भरायची आणि पोराला शिव्या द्यायची. तो हसून उडवून लावायचा.

यंदाही पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी रुखमानं माझे खांदे चोळले आणि आवतन दिलं. सकाळी चैतूनं खुंटीवरून साज उतरवला.

"आज नोको जुंपू. आवतन देल्लं तिले."

"बैल हाये का ते? गावातल्या साऱ्या बैलबंड्या आज उभ्या हायेत, मा. आजच सवाऱ्या भेटतीन."

त्याचा हिशोब बरोबर होता. म्हणूनच तो जास्त लागतो मला. सणाला माहेरी निघालेल्या लेकीबाळी, त्यांचे जावई, आणि सगळ्यांच्या मागे तांदळाचे कट्टे. दांड्या तेव्हाच वर उचलल्या होत्या. चैतूनं खाली उतरून बघितलं नाही.

नाल्यापलीकडचा चढ पावसानं निसरडा झाला होता. अर्ध्यावर तंग असा आवळला की माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी थांबले. अशा वेळी मागची माणसं हळूच उतरवायची, कट्टे काढायचे, मला तोंडाशी धरायचं असतं. चैतूनं आधी चाबूक मारला, आणि मग घाबरून ओरडला, "समोर या सारे, समोर या!"

सगळे एकदम पुढे झेपावले. वर उचललेल्या दांड्या धाडकन खाली आल्या आणि मी मुरमावर गुडघ्यांवर कोसळले. हे असं झालं, मित्रांनो. सवाऱ्या मागून आलेल्या जीपेत बसून निघून गेल्या.

मी कशीबशी घरी पोचले. रुखमानं पुरणाचं ताट माझ्यापुढे ठेवलं. "आवतन देल्लं होतं बाई, खाय," म्हणाली. मला तोंड लावता आलं नाही.

गुरांचे डॉक्टर येऊन गेले. हाड शाबूत आहे म्हणाले. पावसाळा संपेपर्यंत बांधून खाऊ घाला, मग चालायला लागेल. पण चैतूला जीपेवर क्लिनरचं काम मिळालं आहे, आणि उभ्या घोडीला चारा घालणं त्याला फुकटचं वाटतं.

"वाघाचं पोट भरन," तो आईला म्हणाला.

"मंग मलेबी ने. मीबी कामाची नाई आता."

तरी तो दोर आणायला गेला. रुखमा उंबऱ्यात बसली आहे. तिला उठवत नाही.

मित्रांनो, तुम्ही टांग्यात बसाल, बंडीत बसाल, तेव्हा मागे हवा लागते म्हणून अडून बसू नका. पुढे कोणाचं तरी पोट बांधलेलं असतं. आणि थकलेलं जनावर दारात असेल तर त्याला दारातच मरू द्या. यापेक्षा जास्त आम्ही काही मागत नाही.

तो आला. दोर माझ्या गळ्यात घालतो आहे आणि माझ्या डोळ्यांकडे बघत नाही. माझं बोलणं माणसांना नुसतं खिंकाळणं वाटतं, हे मला माहीत आहे. तरी मी मान वर केली आणि त्याला तोंडावर सांगितलं,

"चैतू, तू हाकनारा नाईस. तू नुसता वर बसनारा हायेस. ने मले. पन रस्त्यात कोनी पुसलं, कोनाचा पोरगा गा तू, तं रामाजीचं नाव सांगू नोको."