अपघाताविना तीनशे पासष्ट दिवस

मित्रांनो, मी एक जुनी औषधपेटी आहे. चौदा वर्षं झाली मला, पण माझ्याकडे बघून कुणाला ते खरं वाटणार नाही. अंगावर एक ओरखडा नाही. बिजागरी करकरत नाही. पांढरा रंग पहिल्या दिवशी होता तसाच आहे. वस्तू अशी जपलेली दिसली की लोक तिचं कौतुक करतात. माझंही झालं, आणि मी मूर्खासारखी त्या कौतुकानं फुगले. आता त्याची लाज वाटते.

एका पत्र्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. पत्रा कापला, वाकवला, चार कोपरे जोडले आणि मला रंगाऱ्यापुढे ठेवलं. रंगारी म्हातारा होता. त्यानं माझ्याबरोबरच्या बादल्यांना रंगाचा एकेक हात दिला आणि मला मात्र तीन दिले. त्याचा सोबती म्हणाला, "एवढे लाड कशाला हिचे?" म्हातारा म्हणाला, "अरे, बादली एका घरात जाते. हिला रोज दहा जणांचे हात लागणार. रंग टिकायला नको?" बिचाऱ्याचा अंदाज साफ चुकला. माझ्या रंगाला काही झालं नाही, कारण हातच लागले नाहीत.

माझी नेमणूक झाली ती लहान मुलांची थंडीची जॅकेटं शिवणाऱ्या कारखान्यात. तिसरा मजला, चार रांगा, ऐंशी मशीन आणि ऐंशी बायका. खिडक्या होत्या, पण त्यांच्यापुढे कापडाचे गठ्ठे रचलेले असत. हवेत कापडाचा इतका कोंडा उडे की संध्याकाळी सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या आणि तरण्या मुली आपापल्या आज्यांसारख्या दिसायच्या. पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर, भिंतीला, मला खिळ्यावर टांगलं. माझ्या पोटात कापूस, पट्ट्या, टिंक्चर, भाजल्यावर लावायचं मलम, कात्री, सगळं भरलं. मग माझ्या कडीला एक छोटं पितळी कुलूप घातलं.

किल्ली सुपरवायझरकडे असे. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता, म्हणून बायका त्यांना माघारी किल्लीसाहेब म्हणत. माणूस तसा वाईट नव्हता. एके काळी तेही मशीनवर बसलेले होते, आणि त्या दिवसांत गेलेलं डाव्या तर्जनीचं नख पुन्हा कधी उगवलं नव्हतं.

मला कुलूप का, हे समजायला माझ्या समोरच्या भिंतीवरचा फळा समजून घ्यावा लागेल. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "अपघाताविना दिवस", आणि शेजारी खडूनं आकडा. जी कंपनी ही जॅकेटं विकत घेई, तिनं तो फळा लावायला सांगितला होता. हेतू चांगलाच होता. कामगारांनी जपून काम करावं, मालकानंही काळजी घ्यावी. आकडा तीनशे पासष्ट झाला की सगळ्या मजल्याला दोन दिवसांची भरपगारी सुट्टी मिळणार होती. पण मला उघडायचं म्हणजे वहीत लिहायचं, कुणाला काय लागलं ते. वहीत लिहिलं की तो अपघात. अपघात झाला की फळ्यावर शून्य.

मग मला कोण उघडणार? बायकांनी आपली औषधं शोधून काढली. बोट कापलं की मशीनचं तेल. सुई आरपार गेली की चिंधी गुंडाळायची आणि वरून दोऱ्याचे चार वेढे. जॅकेटवर रक्ताचा थेंब पडला तर ज्या बाईचं रक्त तिनंच दोऱ्याचा बोळा तोंडात ओला करून डागावर घासायचा. स्वतःच्या रक्ताचा डाग स्वतःच्या थुंकीनं जातो, दुसरीच्या जात नाही, असं त्या म्हणत. मी वरून बघत असे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा मी होते.

माझ्या अगदी जवळ, टाकीच्या डावीकडे, दोन जावा काम करत. नावं त्यांची होतीच, पण सगळा मजला त्यांना थोरली आणि धाकटी म्हणे. थोरली जॅकेटला चेन लावायची. धाकटी टिचबटणाच्या मशीनवर होती. टिचबटण तुम्हाला माहीत आहे. दाबलं की टिच करून बसतं. ते जॅकेटला बसवणारं मशीन पायानं चालतं. बटण अंगठ्यानं आणि बोटानं साच्यावर धरायचं, पायटा दाबायचा, वरून दांडा येतो. बोटं आत जाऊ नयेत म्हणून साच्याभोवती एक कडं असतं. पण कड्यामुळे एका जॅकेटला दोन-तीन सेकंद जास्त लागत. म्हणून ते काढून माझ्याखालच्या खणात ठेवलेलं असे आणि त्या विकत घेणाऱ्या कंपनीचे पाहुणे तपासणीला येणार असले की बसवलं जाई.

धाकटीची चार वर्षांची लेक आजोळी होती. आठ महिने दोघींची भेट नव्हती. जायला एक रात्र, यायला एक रात्र, आणि हंगामात सुट्टी नाही. त्या दोन दिवसांवर तिचा जीव टांगलेला होता. रोज सकाळी पाणी प्यायला आली की ती आधी फळा बघायची आणि म्हणायची, "जाऊबाई, अजून इतके." थोरली म्हणायची, "फळ्याकडे बघून दिवस लवकर संपत नाहीत गं. बस खाली."

फळ्यावर तीनशे एकेचाळीस होते तेव्हा ते झालं. दुपारची वेळ होती. बटण साच्यात तिरकं बसलं, धाकटीनं ते सरळ करायला अंगठा पुढे केला आणि तोपर्यंत पाय खाली गेला होता. ती ओरडली नाही. फक्त तिचं मशीन थांबलं. ऐंशी मशीनच्या आवाजातही एक थांबलं की शेजारणीला कळतं.

थोरली धावली. अंगठा नखाच्या खालपर्यंत चेचला होता. ती म्हणाली, "थांब, किल्ली आणते." आणि खरंच किल्लीसाहेबांच्या टेबलाकडे निघाली. मला वाटलं, चला, एवढ्या वर्षांनी माझ्या जन्माचं सार्थक होणार. पण मागून धाकटी म्हणाली, "जाऊबाई, नको. चोवीसच दिवस राहिलेत." ती हे हळू बोलली, तरी रांगेतल्या बायकांनी ऐकलं. एकेक मान वर झाली. कुणाची आई आजारी होती, कुणाला नुसतं झोपायचं होतं. थोरली टेबलापासून चार पावलांवर थांबली, सगळ्यांचे चेहरे बघितले आणि परत आली. तिनंच चिंधी बांधली. वर दोऱ्याचे वेढे घातले, नेहमीपेक्षा घट्ट.

पुढचे सहा दिवस मजल्यावर माणुसकीला पूर आला होता असंच म्हणायला हवं. प्रत्येकीनं धाकटीची थोडी थोडी जॅकेटं आपल्याकडे ओढून घेतली. एक तिला डबा उघडून द्यायची, एक पाणी आणून द्यायची. सगळ्याजणी मिळून तिला सांभाळत होत्या आणि सगळ्याजणी मिळून तिचा घात करत होत्या. अंगठा काळा पडला. चिंधीला वास येऊ लागला. किल्लीसाहेबांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. ते त्या बाजूला फिरकायचे बंद झाले, एवढं मी पाहिलं.

सातव्या दिवशी तपासणी आली. सकाळीच गठ्ठे हलले, खिडक्या दिसल्या, टिचबटणाच्या मशीनला कडं बसलं. माझं कुलूप काढलं आणि झाकण सताड उघडून ठेवलं. कंपनीच्या पाहुणीबाई दूरदेशाहून आल्या होत्या. त्यांचं बोलणं मॅनेजर समजावून सांगत. त्यांनी माझ्यातली एकेक वस्तू हातात घेतली, तारखा वाचल्या, कापूस दाबून पाहिला. "फार छान ठेवली आहे," असं त्या म्हणाल्याचं मॅनेजरनी सांगितलं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. त्या क्षणी मी आपल्याच तोऱ्यात होते.

मग पाहुणीबाई वळल्या. समोर धाकटी उभी होती, उजवा हात ॲप्रनच्या खिशात. माझं झाकण उघडं होतं आणि तिचा डावा हात लांब केला असता तर माझ्यापर्यंत पोचला असता. पाहुणीबाईंनी काहीतरी विचारलं. मॅनेजर म्हणाले, "बाई विचारतायत, इथं कुणाला काही लागलंय का? मोकळेपणानं सांगा."

मोकळेपणानं सांगा, असं मॅनेजर स्वतः समोर उभे राहून म्हणत होते.

धाकटी म्हणाली, "नाही. सगळं छान आहे." तिच्या कपाळावर तापाचा घाम होता. पाहुणीबाईंनी ते पाहिलं का? त्या क्षणभर थांबल्या, एवढं खरं. मग कागदावर खूण केली आणि पुढच्या रांगेकडे गेल्या. त्यांची पाठ वळल्यावर थोरली दातओठ खात कुजबुजली, "हात का नाही दाखवलास?" धाकटी म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण कशाला? सतराच राहिलेत." माझ्या पोटात टिंक्चरच्या दोन भरलेल्या बाटल्या होत्या. मला तोंड नव्हतं म्हणून मी गप्प राहिले, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावते. पण ज्यांना तोंड होतं तेही गप्प राहिले, हे काही माझं समाधान होऊ शकत नाही.

तीन दिवसांनी ती मशीनवरच कलंडली. दवाखान्यात अंगठा मुळापासून काढावा लागला. वहीत लिहिलं गेलं की घरी दारात बोट सापडलं. फळ्यावरचा आकडा दुसऱ्या दिवशी एकानं वाढला. अंगठ्याशिवाय बटण धरता येत नाही, म्हणून तिच्या जागी दुसरी बाई आली. कडं पुन्हा खणात गेलं होतं, ते तिथंच राहिलं.

तीनशे पासष्ट झाले. टाळ्या झाल्या. सुट्टी मिळाली.

सुट्टीनंतरच्या सकाळी थोरली टाकीपाशी उभी राहून शेजारणीला सांगत होती. दोन दिवसांत ती धाकटीला भेटायला तिच्या माहेरी जाऊन आली होती. "लेक चिकटलीय तिला. एक मिनिट सोडत नाही," ती म्हणाली. "भाजीत मीठ घालायला गेली, तर चिमूट होईना. माझ्याकडे बघून हसली. म्हणते, जाऊबाई, तुम्हाला दोन दिवसांची मिळाली, मला जन्माची." एवढं सांगून थोरलीनं पाण्याचा पेला तसाच ठेवला आणि मशीनवर जाऊन बसली.

तासाभरानं ती उठली आणि थेट किल्लीसाहेबांच्या टेबलापर्यंत गेली. या वेळी चार पावलं आधी थांबली नाही.

"साहेब, पेटी उघडा."

"काय झालं?"

"सुई टोचली."

त्यांनी तिचं बोट पाहिलं. मोहरीएवढा रक्ताचा ठिपका होता. "एवढ्याशाला? चोखून टाका की."

"वहीत लिहा. आणि फळ्यावर शून्य करा."

"ताई, नवीन वर्ष आत्ता कुठं सुरू झालंय. सगळ्या जणी तुम्हाला शिव्या देतील. मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

"तुमचं ते नख गेलं, तेव्हा कोणत्या फळ्यावर शून्य केलं होतं?"

किल्लीसाहेबांनी आपल्या डाव्या तर्जनीकडे पाहिलं. मग उठले, माझ्यापाशी आले आणि कुलूप काढलं. त्यांना किल्ली पटकन सापडेना.

थोरलीनं कापूस घेतला, त्यावर टिंक्चर ओतलं आणि बोटावर धरलं. मशीन एकामागून एक थांबत गेली. रक्त तर तिथे येईपर्यंतच थांबलं होतं, तरी ती कापूस दाबून उभीच राहिली. मी पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडले, आणि ती जखम नव्हतीच. जी जखम होती, तिच्यापुढे मी उघडी असूनही नुसती दिसत राहिले. मग मागच्या रांगेतून एक बाई आली आणि तिनं तळहातावरची चिंधी सोडली. तिच्यामागे आणखी दोघी आल्या. कुणी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. किल्लीसाहेबांनी स्वतःच्या हातानं फळा पुसला.

सगळं चांगलं झालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. दुसऱ्या दिवशी थोरलीला चेनच्या मशीनवरून उठवून कोपऱ्यात धागे तोडायला बसवलं. माझं कुलूप परत आलं. आता कधी उघडतं, कधी उघडत नाही. विचारणारी खमकी असेल तर उघडतं.

मित्रांनो, तुमच्या अंगातलं जॅकेट कुणाच्या तरी बोटांखालून आलेलं असतं. ते टाकून द्या असं मी म्हणत नाही. त्यानं धाकटीचा अंगठा परत येणार नाही, आणि थोरलीची चूलही त्याच कामावर पेटते. पण तुम्ही मोठे व्हाल, कुणी विकत घेणारे व्हाल, कुणी तपासणारे. कुठेतरी माझ्यासारखी भरलेली, चकचकीत पेटी तुम्हाला दाखवतील. आत काय काय आहे ते मोजू नका. यातलं काय वापरलं गेलं आणि कुणासाठी, ते विचारा. मॅनेजरना विचारू नका. त्यांना थोडं बाजूला जायला सांगा आणि जिचा हात खिशात आहे तिला विचारा. ती पहिल्यांदा "नाही" म्हणेल. तेव्हा खूण करून पुढच्या रांगेकडे जाऊ नका.