हरणाबाई निघाल्या उंब्रजला

गाडी तापली की काय काय बघायचं, हे इंद्रजितला कुणी शिकवायची गरज नव्हती. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात वर्षानुवर्षं काढलेला गडी तो, ट्रकच्या इंजिनात कमरेपर्यंत शिरून गाणी म्हणणारा. पण त्या दिवशी तापलेली गाडी त्याची स्वतःची होती आणि मागच्या सीटवर सासू बसली होती. अशा वेळी भल्याभल्यांचं डोकं चालायचं थांबतं.

त्याची बायको पल्लवी जतकडची, धनगराची पोर, सरकारी दवाखान्यात नर्स. हा उंब्रजचा, ऊसवाल्या मराठ्यांचा. दोघांनी सांगलीत रजिस्टर लग्न केलं. सासरे हरिबा महिन्याभरात निवळले. जावयाच्या हातात कोकरू देऊन फोटोसुद्धा काढला त्यांनी. सासू हरणाबाई मात्र निवळल्या नाहीत. दोन वर्षं झाली, लेकीच्या दारात पाय ठेवला नव्हता. इकडं उंब्रजला इंद्रजितची आई मनुबाई दर सणाला विचारायची, "येतील का रं विहीणबाई?" आणि पल्लवी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटत बसायची.

शेवटी दिवाळीनंतर हरणाबाई "येते" म्हणाल्या. पण अट घातली. लेकीच्या घरची गाडी न्यायला आली पाहिजे, आणि ती वाटेत अडली तर बिरोबाच्या मनात नाही असं समजून त्या तिथनंच माघारी फिरणार. इंद्रजितनं लगोलग बारा वर्षं वापरलेली एक पांढरी गाडी घेतली. पट्टा बदलला, पाइपा बदलल्या, पंखा तपासला. जतला जाताना गाडी अशी गेली की पल्लवी वाटेत झोपून गेली.

सकाळी सगळी वस्ती गाडीची पूजा करायला जमली. त्यांच्यात पूजा म्हणजे भंडारा उधळायचा, हळदीची पिवळीधमक पूड, आणि ती काय चिमटीनं नव्हे, मुठीमुठीनं. "गाडी चालू ठेवा पाव्हणं, देवाला कळू दे जित्ती हाय ती," कुणीतरी म्हातारा म्हणाला. इंद्रजितनं चालू ठेवली, वर एसीही लावला. बायकापोरांनी गाडीच्या तोंडावर भंडाऱ्याचा पाऊस पाडला. मग हरिबांनी दोन घागरी पाणी त्याच तोंडावर ओतलं. त्या वस्तीवर पाणी टँकरनं येतं. तिथं दोन घागरी पाणी ओतायचं म्हणजे जावयाचा केवढा मान! इंद्रजितचा ऊर भरून आला. खरं तर डोकं वापरायची वेळ तीच होती, पण ऊर भरल्यावर डोक्याला कोण विचारतंय.

कवठेमहांकाळ सोडलं आणि काटा वर चढायला लागला. बघता बघता लाल पट्टीला टेकला, बॉनेटमधनं वाफ आली. इंद्रजितनं गाडी बाजूला घेतली.

"अडली?" मागनं आवाज आला.

"अडली न्हाई आत्या, जरा दम खाती."

थोडी थंडावल्यावर त्यानं टाकी बघितली, पाणी थोडं घातलं, इंजिन चालू करून पंखा बघितला. पंखा गरगर फिरत होता. सगळं जागच्या जागी, आणि गाडी तर फणफणलेली. तेवढ्यात हरणाबाई उतरल्या, कमरेची पिशवी सोडली आणि गाडीच्या तोंडावर एक भरघोस मूठ भंडारा टाकला. पंख्यानं तो सुर्रकन आत ओढला. इंद्रजितनं बघितलं, आणि त्याला काहीएक वाटलं नाही.

"एकदा झालं ते झालं, दमली आसंल," हरणाबाई म्हणाल्या. "आणिक एकदा वाफ दिसली की मी यष्टीनं माघारी. मग तुमी आन् तुमची गाडी."

पल्लवीनं नवऱ्याकडं असं बघितलं की त्याचा काटाही लाल पट्टीला टेकला.

पुढं तासगावापर्यंत इंद्रजितनं एक युक्ती केली. काटा चढला की गाडीतला हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनाची ऊब आत येते आणि काटा जरा उतरतो. खरीच युक्ती आहे ती, कुणीही ड्रायव्हर सांगेल. पण भर दुपारी सासूच्या पायावर भट्टी सोडायची म्हणजे जिवावरचा खेळ.

"पल्ले, तुज्या गाडीत चूल पेटवलीया का गं?"

"वारा लागू ने म्हणून सोडलंय आये, तुझे गुडघे दुखत्यात न्हवं," पल्लवी म्हणाली. घामानं तिचं कपाळ निथळत होतं. नवऱ्यासाठी बाई काय काय खोटं बोलते, त्याला हिशेब नाही.

विट्याच्या अलीकडं चढ आला आणि हीटरनंही हात टेकले. वाफ निघायच्या आत इंद्रजित ओरडला, "चला, चहा घिऊया," आणि गाडी एका टपरीवर वळवली. शेजारीच गाड्या धुवायचं ठिकाण होतं. समोर रस्त्याच्या पलीकडं यष्टीचा थांबा. हरणाबाईंनी आधी थांबा बघितला, मग चहा घेतला. 

बॉनेटखाली दोघं नवराबायको डोकं घालून उभी राहिली.

"काल येताना तापली व्हती?" पल्लवीनं विचारलं. दवाखान्यात पेशंटला विचारावं तसं.

"न्हाई."

"मग कालच्यान् आजपतूर तिला काय झालं, ते सांग की. काय खाल्लं, काय प्याली?"

इंद्रजित गाडीच्या तोंडाशी गेला. मग त्यानं इंजिन चालू केलं, खिशातला रुमाल काढला आणि गाडीच्या पुढच्या जाळीवर धरून सोडला. पंखा नीट ओढत असेल तर रुमाल जाळीला चिकटायला पाहिजे. रुमाल सरळ खाली पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. मोबाइलची बॅटरी लावून त्यानं आत बघितलं. रेडिएटरच्या बारीक बारीक पत्र्यांतनं वारा जायचा असतो. तिथं अंगणातल्या सारवणागत पिवळा गिलावा वाळून घट्ट बसला होता. वस्तीनं उधळला, पंख्यानं ओढला, हरिबांनी भिजवला, इंजिनानं वाळवला, आणि वर हरणाबाईंची वाटेतली मूठ.

"धुतलं की झालं," तो म्हणाला.

"आन् आयेला काय सांगणार?" पल्लवी कुजबुजली. "धूळ हुती म्हण. देवाचा भंडारा धुऊन गटारात सोडला म्हणशील तर ती आत्ता यष्टीत बसंल. म्हणंल, बगा, मराठ्यांनी पहिल्या दिशी आमचा देव पुसला."

इंद्रजितला ते पटलं. धूळ म्हणायचं, विषय मिटवायचा. तो वळला, तर हरणाबाई मागंच उभ्या. हात पिशवीत, मूठ भरलेली.

"लय तापलीया बिचारी," त्या म्हणाल्या आणि हात उचलला.

आता गप्प बसावं, तर उंब्रज काही दिसत नाही. बोलावं, तर सासू दिसत नाही. इंद्रजितनं त्यांचा हात मनगटाशी धरला. जावयानं सासूचा हात धरायचा म्हणजे त्याचा त्यालाच घाम फुटला.

"आत्या, नगा टाकू. भंडाऱ्यानंच तापलीया ती. तिच्या नाकातोंडात बसलाय, तिला वारा मिळंना. माजीच चूक, मी इंजिन चालू ठेवायला नगं हुतं. धुवायला लागंल."

हरणाबाईंनी त्याच्याकडं बघितलं. मग वाकल्या, डोळे बारीक करून जाळीतनं आत बघितलं. बराच वेळ बघितलं. पल्लवीनं डोळे मिटून घेतले.

"घमेलं हाय का रं?" त्यांनी धुणाऱ्याला हाक मारली.

इंजिन गार होईपर्यंत त्या गाडीपुढनं हलल्या नाहीत. इंद्रजितनं पुढची जाळी सोडवली, आतल्या बाजूनं हलक्या धारेनं पाणी मारलं. पिवळं पाणी भळभळ आलं. हरणाबाई घमेलं धरून खाली बसल्या होत्या, थेंब पायाखाली जाऊ दिला नाही. घमेलं भरलं की शेजारच्या कडुलिंबाच्या बुडात ओतायच्या, हात जोडायच्या आणि परत येऊन बसायच्या. लुगड्याचा काठ भिजून पिवळा झाला, तिकडं त्यांचं लक्षही नव्हतं.

मग इंद्रजितनं रुमाल धरला. जाळीवर चपकन चिकटला आणि तिथंच राहिला.

त्याच वेळी थांब्यावर तासगावकडं जाणारी यष्टी येऊन उभी राहिली. कंडक्टर दार उघडून वाट बघत होता. हरणाबाईंनी पदराला हात पुसले आणि यष्टीकडं बघितलं. पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पाव्हणं, मगाशी कवठ्यात मी मूठ टाकली, तवा का न्हाई बोललासा?"

"तवा कळलंच न्हाई, आत्या."

"आन् हितं कळल्यावर आदी धूळ म्हणायचं का ठरवलंसा? मी मागंच हुते."

"भ्यालो." इंद्रजित खाली मान घालून म्हणाला. "तुमी माघारी गेला आसता, तर घरी हिच्याकडं बघायचं माज्यात बळ न्हवतं."

यष्टीनं भोंगा दिला आणि निघून गेली. हरणाबाई मागचं दार सोडून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या आणि पाय ऐसपैस पसरले.

"चला, उरका," त्या म्हणाल्या. "तुमच्या आयशीला गाठायचं हाय मला. पोराला खरं बोलायला शिकवलंस ते ब्येस केलंस, पर लौकर बोलायला का न्हाई शिकवलंस, इचारती तिला. तिच्याच तोंडानं ऐकायचंय. त्याबिगर मी उंब्रजातनं हालत न्हाई."