पहिलं काम

दादाने खरवडायचा पत्रा रेटला आणि अडगळीच्या खोलीच्या दाराचा बाहेरच्या बाजूचा जुना रंग सालीसारखा सुटून आला. रंगाऱ्याचं घर, पण हे दार कोणी कधी खरवडलं नव्हतं. नुसते थरावर थर. वडील गेल्यावर आता ते त्याच्या वाट्याला आलं होतं.

बहीण स्वयंपाकघरात चहा करत होती. लहानपणी बाबा या खोलीत कोंडायचे, बाहेरून कडी लावायचे, असं ती आयुष्यभर सांगत आली. आणि या दाराला बाहेरून कडी कधी नव्हतीच, असं दादा आयुष्यभर सांगत आला. आईने तर तिला नाटकी ठरवून टाकलं होतं. आज आल्या आल्या तिने हात टेकले.

"तुझंच खरं असेल, दादा. मीच उगाच बाबांच्या नावाने खडे फोडत राहिले."

दादाला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

शेवटचा तपकिरी थर निघाला आणि छातीच्या उंचीवर चार ठिपके दिसले. लांबीचा लगदा भरून बुजवलेली स्क्रूची भोकं. त्याने एक उकरलं, जुनी लांबी भुगा होऊन पडली.

नवव्या वर्षी आपण पहिल्यांदा लांबी भरली आणि बाबांनी पाठ थोपटली, "हात चांगला आहे पोराचा," ही गोष्ट त्याने हाताखालच्या प्रत्येकाला ऐकवली होती. कसली भोकं, कुठल्या दाराची, हे कोणी विचारलं नाही. त्यानेही नाही. आता सगळं आठवलं. दुसऱ्या दिवशी मामा यायचे होते, त्याआधी कडीची खूण मिटवायची बाबांना घाई होती.

त्याला स्वतःची शिसारी आली. तो तिला हाक मारणार होता. आत कप वाजले. त्याने डबा उघडला, बोटावर लांबी घेतली आणि चारही भोकं दाबून भरली.

बहीण कप घेऊन आली आणि ओल्या ठिपक्यांपाशी थांबली.

"हे काय?"

"कीड लागली होती."

ती बघत राहिली. दोन वर, दोन खाली, एका मापात.

"शिस्तीची होती कीड," ती म्हणाली.

दोन्ही कप खाली ठेवून तिने पर्स उचलली. उंबऱ्यापाशी वळली.

"हात चांगला आहे तुझा. बाबा म्हणायचेच."

दादा दारापाशी बसून राहिला. चहावर साय धरली. तिचा कपही भरलेलाच होता.