सुरेतची तोंडउघडणी

माझा भाऊ ऐतेक, त्याची बायको सुरेत. ती लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हापासून ती आणि माझे वडील एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण वगैरे काही नव्हतं. बाहेरचे ज्यांना चेर्केस म्हणतात त्या आम्हा अदिगे लोकांत नवी सून सासऱ्यासमोर तोंडच उघडत नाही. मग एक दिवस सासरा कोंबड्या कापायला लावतो, चार वडीलधारे बोलावतो, सुनेच्या हातात काहीतरी चांगलं ठेवतो आणि म्हणतो, "बोल बाई आता." ही तोंडउघडणी. लग्नानंतर वर्षाच्या आत ती कुणाचीही उरकते.

सुरेतची ठरली त्याच आठवड्यात आई गेली. दुखवटा आला. तो संपतोय तोवर धाकटे काका गेले. मग आणखी एक वर्ष असंच गेलं आणि बाबांना संकोच वाटायला लागला, की आता इतक्या उशिरा हा समारंभ काय म्हणून करायचा. अकरा-बारा वर्षं ती दोघं एका छपराखाली एक शब्द न बोलता राहिली. तेवढ्यात नात झाली, दाना, ती शाळेतही जायला लागली.

दोघांच्या मधे मी, गोशनाग. लग्न न झालेली थोरली नणंद. बाबा शेगडीकडे तोंड करून म्हणायचे, "आज कुणाला मीठ कमी पडलं होतं वाटतं." सुरेत स्वयंपाकघरातून म्हणायची, "वन्सं, सांगा ना, मीठ ताटाशेजारी ठेवलंय." दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू यायचं. तरी मी दारात उभी राहून ते पुन्हा मोठ्यानं म्हणायची, कारण माझ्या तोंडून गेल्याशिवाय ते बोलणं धरलंच जात नसे. कधी कधी वाटायचं, दोघांची डोकी धरून एकमेकांवर आपटावीत.

त्यातही एक कलम होतंच. सुनेचा निरोप न्यायचा, मागणं नाही न्यायचं. मीठ, दार, औषध, चुलीतला धूर, हे चालेल. मला हे हवं, मला ते नको, असं सुनेनं नणंदेकडून सासऱ्याला कळवलं तर तो निर्लज्जपणा. आणि सुरेत या बाबतीत माझ्या आईपेक्षाही कडक निघाली.

आमचं गाव कोसोव्होच्या मैदानात, वीजकेंद्राच्या धुराड्यांच्या अलीकडे. बाबांचे आजोबा पोरवयात काळा समुद्र ओलांडून इथं आले. आले म्हणजे रशियाच्या फौजेनं कॉकेशसच्या डोंगरातून हाकलून किनाऱ्यावर आणलं, तुर्कांनी गलबतात कोंबून इकडे आणून सोडलं. वाटेत त्यांच्या दोन धाकट्या बहिणी तापानं गेल्या आणि त्यांना समुद्रातच टाकावं लागलं. म्हणून आमच्या घरात अजूनही मासा शिजत नाही. पुढे तुर्क गेले, त्यांच्यामागोमाग आमची बहुतेक माणसंही गेली. आम्ही मूठभर मागं राहिलो. जो राज्यावर येईल त्याला मान तुकवायची, शेजाऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलायचं, घरी आपल्या. एवढ्यावर शंभराहून जास्त वर्षं बरी गेली.

अठ्ठ्याण्णव सालच्या वसंतात ते जमेना झालं. बंदूकवाले सर्ब येऊन विचारायचे, तुम्ही कुणाच्या बाजूचे. ते गेले की बंदूकवाले अल्बेनियन येऊन तेच विचारायचे. बाबा दोघांनाही ताक द्यायचे आणि गायीच्या आजारपणावर बोलत बसायचे. मग एका दुपारी दाना खुराड्यातून अंडी काढत होती आणि एक गोळी फळी फोडून तिच्या डोक्यावरून गेली ती दुधाच्या किटलीत. कुणी झाडली, कुणावर झाडली, आजतागायत कळलेलं नाही. सुरेतनं पोरीला आत आणलं, सांडलेलं दूध पुसलं आणि त्या दिवसापासून दानाला परसात एकटी सोडेना.

उन्हाळ्याच्या तोंडावर कॉकेशसहून एक माणूस आला. बोलत होता आमचंच, पण शब्द जरा गुळगुळीत, शहरी. पाहुण्यांच्या खोलीत सगळे वडीलधारे जमले. तो म्हणाला, "तिकडे आपल्या मुलखात तुमच्यासाठी घरं बांधतील. विमान आम्ही करू. ज्यांना यायचंय त्या घरांनी शुक्रवारपर्यंत सांगा." घराचं हो-नाही घरातला थोरला सांगणार, आणि सगळ्या गावात थोरले आमचे बाबा, शुमाफ. त्यांनी तिथंच सांगून टाकलं, "शुमाफच्या घरचं कुणी येणार नाही."

ऐतेक दाराशी उभा होता. तो बाबांसमोर कधी बसत नसे, बाबांसमोर स्वतःच्या मुलीला कडेवरसुद्धा घेत नसे, मग उलटून बोलणं तर दूरच. घरी आल्यावर तो गोठ्यात गेला आणि साफ केलेला गोठा पुन्हा साफ करत बसला.

मी बाबांना म्हटलं, "मला जायचंय. मला बोलायची बंदी नाही, म्हणून सांगते."

"तुझं ऐकलं. आणखी कुणाला जायचंय या घरात?"

"कोण सांगणार तुम्हाला?"

"मला तर कुणी काही बोललेलं नाही," बाबा म्हणाले, आणि ते खरंच होतं.

गुरुवारी मी त्यांच्या पायाला तेल लावत होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. बाबा एकदम म्हणाले, "मी काय स्वतःसाठी अडून बसलोय का? या पोरीची आई इथं शेजारच्या गावात. भाऊ इथं. बारा वर्षांत ज्या घरानं तिच्याकडून एक शब्द घेतला नाही, त्या घरानं तिला तिच्या माणसांतून उचलून परक्या मुलखात कोणत्या तोंडानं न्यायचं?"

मी तेलाची वाटी तशीच ठेवली आणि मागच्या दारी गेले. सुरेत चीजला धूर देत होती.

"खरं सांग," मी म्हटलं. "इथं राहायचंय का तुला?"

"मला?" तिनं डोळे पुसले, धुरानं की कशानं कोण जाणे. "वन्सं, फळीतलं ते भोक रोज मला दिसतं. पण सासूबाईंची कबर इथं आहे. मामंजी दर शुक्रवारी जातात. त्यांना तिथून कसं ओढून न्यायचं? मी नवऱ्यालाही सांगितलंय, तुम्ही एक अक्षर काढायचं नाही."

"आणि तुझी आई?"

"आई भावाबरोबर तुर्कस्तानला निघाली. परवाच कळलं. तीच मला म्हणते, तू काय तिथं गोळ्या मोजत बसणारेस?"

मला हसावं की रडावं कळेना. बाबा तिच्यासाठी अडलेले, ती बाबांसाठी, आणि दोघांच्या मर्यादेपायी दाना एखाद्या दिवशी खुराड्यात मरून पडली असती. मी तशीच आत गेले. वडिलांवर आवाज चढवलेला मला आठवत नाही, त्या दिवशी चढवला.

"तिची आई तुर्कस्तानला चाललीय. बारा वर्षं निरोप वाहून माझी जीभ झिजली. आता हा एक मी सांगणार नाही. तुम्ही विचारा तिला."

"कशी विचारू? तिचं तोंड उघडलेलं नाही."

"ते कुणी उघडायचं होतं?"

बाबांनी पाय खाली घेतले. मग म्हणाले, "कोंबड्या किती आहेत?"

शुक्रवारी दुपारी आमच्या पाहुण्यांच्या खोलीत वडीलधारे जमले, कॉकेशसचा माणूसही आला. लसणीच्या रश्श्यातली कोंबडी आणि मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, घाईत जमेल तेवढं केलं होतं. बायका दारात दाटीनं उभ्या होत्या. शेजारची म्हातारी म्हणाली, "पोरीला मुलगी झाली, मुलीचे दात पडून नवे आले, आणि हिचं तोंड आज उघडणार." सगळ्या हसल्या. सुरेत लग्नातल्यासारखा डोक्यावरून रुमाल घेऊन खोलीच्या मध्यावर उभी राहिली. हात तिनं कमरेशी घट्ट धरले होते.

बाबा जागेवरून उठले. ते उठले म्हटल्यावर खोलीतल्या सगळ्यांना उठावं लागलं. त्यांच्या हातात आईचा चांदीचा कमरपट्टा होता. त्याच गलबतातून आलेला, पोटाशी बांधून आणलेला. सासूकडून सुनेला जायचा, तो इतकी वर्षं पेटीतच पडून होता.

"हा घे," बाबा म्हणाले. "फार उशीर केला. चूक माझी." मग घसा खाकरून पुढचं जणू पाठ केल्यासारखं म्हणाले, "तुझ्या मनात जायचं आहे हे आता मला कळलंय. तेव्हा ऐतेक, तू आणि दाना, तिघं जा. मी म्हातारा झालो. त्या समुद्रावरून मला न्यायचं नाही. माझ्या आजोबांच्या बहिणी आहेत तिथं. मी इथंच राहतो. गाय आहे, गोशनाग आहे, आमचं भागेल. हा माझा हुकूम समज. आता बोल बाई."

मी हातातलं भांडं जवळजवळ टाकलंच. मला गायीशेजारी मोजलेलं होतं, आणि तेही नंतर. पण बोलायची पाळी माझी नव्हती. अशा वेळी सुनेनं काय म्हणायचं ते ठरलेलं असतं. अल्ला तुम्हाला आयुष्य देवो, तुमचा शब्द माझ्या डोक्यावर. मी तिला सकाळी दोनदा म्हणून दाखवलं होतं.

सुरेतनं रुमाल मागं सारला.

"नाही," ती म्हणाली.

एका म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला. ऐतेक भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

"मामंजी, हे चालायचं नाही," सुरेत म्हणाली. तिचा आवाज मोठा होता. "बारा वर्षं मी तुमच्याशी बोलायचं साठवून ठेवलंय. दाना पहिल्यांदा चालली ते तुम्हाला सांगायचं होतं. तुम्हाला ताप होता तेव्हा रागवायचं होतं. लाल गाय विकलीत, ती विकायची नव्हती, तेही सांगायचं होतं. आज तुम्ही माझं तोंड उघडलंत आणि आजच म्हणता जा. मग हे सगळं मी कुणाशी बोलू? गोशनागवन्संना इथं सोडायचं आणि तिकडं निरोप कुणाकडे द्यायचा? तुम्ही येणार असाल तर मी येते. नाहीतर हा पट्टा पेटीत ठेवा, मी चूल पेटवते. पण मग पोरीचं काय होईल ते तुम्ही बघायचं."

इतकं बोलून तिलाच भीती वाटली असावी, कारण ती मटकन खाली बसली. वडीलधारे उभे असताना सून बसली, असं मी तरी पाहिलेलं नाही.

बाबा वळून तिच्याकडे बघायला लागले. इतकी वर्षं ते तिच्याकडे सरळ बघत नसत.

"लाल गाय लंगडायची," ते म्हणाले.

"नाल नीट नव्हता बसवलेला," सुरेत खालूनच म्हणाली.

"बैलाला नाल ठोकतात, गायीला नाही."

"तेच म्हणते मी. ठोकला होतात."

दारातली म्हातारी खुदकन हसली आणि मग सगळी खोली. बाबा नाही हसले. ते कॉकेशसच्या माणसाकडे वळले आणि म्हणाले, "शुमाफच्या घरचे पाच जण लिहा." मग आईच्या कबरीकडे निघाले. या वेळी त्यांनी सुरेतला बरोबर चल म्हटलं. वाटेत ती काय बोलली ते मला ठाऊक नाही. ते सांगायला कुणी मला बोलावलं नाही.

ऑगस्टात निघालो. गाय शेजाऱ्यांना दिली, दार नुसतं ओढून घेतलं. विमानात थोरल्याला मानाची जागा म्हणून बाबांना पुढं खिडकीशी बसवलं, शेजारी सुरेत, मागच्या रांगेत मी, ऐतेक आणि दाना. विमान वर चढलं तसे बाबांचे हात खुर्चीच्या दांडीवर आवळले गेले. काही वेळानं मी खाली पाहिलं. जमीन संपली होती आणि समुद्र सुरू झाला होता, स्वच्छ, एकही ढग नसलेला. तो काळा नव्हता, निळाच होता.

बाबा खिडकीकडे वळणार तोच सुरेत म्हणाली, "मामंजी, तुम्हाला मी आमच्या लग्नातल्या कोंबड्याचं सांगितलं का?" आमच्यात कुणी बोलत असेल तर त्याच्याकडे तोंड करून ऐकायचं असतं, दुसरीकडे पाहणं अपमान. बाबांनी खिडकीकडे पाठ केली. कोंबड्याचं झालं, मग तिच्या मावशीच्या सवतीचं, मग दानाच्या गालगुंडाचं, मग पुन्हा लाल गाय. तिला श्वास घ्यायलाही उसंत नव्हती, आणि मधून मधून तिचे डोळे बाबांच्या खांद्यावरून खिडकीकडे जात होते. मला कळलं ती काय करतेय. मी दानाचा हात धरला आणि गप्प बसले. ऐतेकनं हळूच मुलीला मांडीवर घेतलं. बाबांचं तोंड सुरेतकडे होतं ना.

पलीकडे हिरवे डोंगर दिसायला लागले तेव्हा कुठं ती थांबली. बाबा मागं वळून माझ्याकडे झुकले.

"गोशनाग, समुद्र गेला का?"

"गेला, बाबा."

त्यांनी डोळे पुसले. मग हळू आवाजात विचारलं, "एकदा उघडलेलं तोंड बंद करायचा काही रिवाज आहे का गं आपल्यात?"

"तुम्हीच विचारा तिला," मी म्हटलं, आणि डोंगर बघायला दानाला खिडकीशी बसवलं.