मेडशीला राहिलेले रतनलाल

मालेगावचे कापडवाले रतनलाल घरच्यांसोबत स्वतःच्या गाडीनं भाचीच्या लग्नाला अकोल्याला निघाले होते. मेडशीला ते पाच मिनिटं उतरले. परत येतात तो गाडी गेलेली. त्यांनी स्टँडवरच्या एकाच्या मोबाइलवरून मुलाला फोन लावला.

"अर्पित, मी मेडशीले राह्यलो ना."

"बाबूजी तं मागं झोपले हायेत. तुमी कोन?"

पोरानं आवाजही ओळखला नाही. रतनलालांनी बायकोला फोन द्यायला सांगितलं. सूरजबाई हळूच म्हणाल्या, "तुमी नाही हे मले केव्हाच समजलं. कोनी बिचारा सवारीची गाडी समजून बसला असंल. टोपी सेम तुमच्यासारखी."

"मंग उठव त्याले."

"राहू द्या. तुमी हरेक लग्नात भांडून पंगतीतून उठता. हा निदान गुमान बसंल. उद्या येतानी तुमाले घेतो." फोन बंद.

रतनलाल स्टँडच्या बाकावर बसून राहिले. तेवढ्यात एक बाई आली. लिलाबाई तिचं नाव. "शेठजी, टोपीवाला म्हातारा पाह्यला का इथं? आमचे मालक, धनराज."

रतनलालांनी घडलं ते सांगितलं. त्यांना वाटलं, ती रडेल. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "त्याइले अकोला पाह्यचंच होतं. चला घरी. तुरीच्या शेंगा उकडल्या, एकटी किती खाऊ?"

दिवस मावळायच्या आत तिनं त्यांना जेवायला वाढलं. मग शेजारपाजार जमला. घरी रतनलाल बोलायला लागले की पोरं उठून जात, इथं लोक "मंग?" म्हणून पुढं सरकत होते. गाडी सुटल्याची गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली आणि तिसऱ्यांदा स्वतःच हसून लोटपोट झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी लिलाबाईच्या दारात आली. धनराज खांद्यावर नवा दुपट्टा टाकून ऐटीत उतरले. सूरजबाई रतनलालांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कढी खारट होती. मी या धनराजभाऊंकडं पाह्यलं, तं हे म्हने लई मस्त. मले तुमची लई याद आली."

"मी आज येत नाही," रतनलाल म्हणाले. "राग नाही. मले इथं गमून राह्यलं."

सूरजबाईंनी चपला काढल्या आणि ओट्यावर लिलाबाईजवळ बसल्या. "अर्पित, तू जाय. आमी एसटीनं येतो."

अर्पित गेला नाही. बापाशेजारी टेकून म्हणाला, "बाबूजी, काल काय काय झालं?"

रतनलालांनी घसा साफ केला आणि सुरुवातीपासून सांगायला घेतलं.