आफ्रिकेच्या टेबलावर ठेवलेली रेहल

मी एक जुनी रेहल आहे, म्हणजे कुराणशरीफ उघडून ठेवायची घडीची लाकडी चौकी. मित्रांनो, आज मी रागात आहे, तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातला. माझ्या मालकीण हलीमाबाई, त्यांचे आजोबा दिवसभर मोटारींच्या कारखान्यात राबत आणि संध्याकाळी अक्रोडाचं लाकूड तासत. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून साखळदंडांत जखडून अमेरिकेत नेलं होतं. नमाज पढताना दिसले की पाठीवर चाबूक बसे. पुढच्या पिढ्यांचा धर्मच सुटला. आजोबांनी तो पुन्हा शोधला आणि मला घडवलं. घरातली सगळी मुलं माझ्यासमोर बसून शिकली. माझं फार कौतुक होई.

पुढे हलीमाबाई शिक्षिका होऊन दुबईला आल्या, त्यांच्यासोबत मीही आले. इथे फळीवर धूळ खात पडले, पण कुरकुर केली नाही.

गेल्या आठवड्यात दुबईच्या सिलिकॉन ओएसिस वस्तीतल्या आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये जगभरच्या मुसलमानांवर प्रदर्शन भरलं, प्रत्येक भागाचं वेगळं टेबल. शेजारच्या नबिलाने, ती मूळची दापोलीची, मला मागून नेलं. छान पुसलं आणि ठेवलं कुठे, तर आफ्रिकेच्या टेबलावर! हलीमाबाईंचा रंग पाहिला, बाकी काही विचारलं नाही. अमेरिकेच्या टेबलावर तिच्या शिकागोच्या डॉक्टर भावाचा भलामोठा फोटो. जणू तो विमानातून उतरला तेव्हाच अमेरिकेत पहिली अजान झाली!

हलीमाबाई आल्या आणि मला पाहून थबकल्या.

"सिस्टर, यू आर फ्रॉम?" शेजारी राहूनही नबिलाने हे आज पहिल्यांदाच, हसून विचारलं.

"डेट्रॉइट."

"नो, नो. ओरिजनली?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. याच नबिलाच्या भावाला शिकागोत कुणीतरी 'तुझ्या देशात परत जा' म्हणालं, तेव्हा ती हलीमाबाईंच्याच सोफ्यावर बसून ढसाढसा रडली होती.

मला घरी न्यायला हलीमाबाईंनी हात पुढे केला. तेवढ्यात नबिलाची मुलगी कशफ, त्यांचीच विद्यार्थिनी, मध्ये आली. "मिस, प्लीज वेट." तिने मला उचललं आणि अमेरिकेच्या टेबलावर अगदी पुढे ठेवलं.

"अगं, मामाचा फोटो झाकला जातोय!" नबिला करवादली.

"सो मूव्ह हिम, मम्मी. मिसची फॅमिली वॉज देअर फर्स्ट."

नबिलाचा चेहरा खर्रकन उतरला. मग तिने फोटो स्वतःच मागे सरकवला.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसता, तेल लावता, त्याबद्दल आभार. पण त्या कुठे ठेवायच्या ते त्यांच्या माणसांना विचारा. आणि उत्तर मिळालं की ते खरं माना.